एक प्याला वाइत्सेनबॉक

म्यूनिकच्या त्या भोजनगृहांत माझ्या मुलानें बाटली तिरपी धरून ज्या सफाईनें प्याल्यांत रिती केली, तिच्यावरूनच मला कळून चुकलें कीं, चिरंजीवांचा हा पहिला प्याला नव्हे. तळाशीं उरलेला यीस्टचा गाळ त्यानें बाटली हलकेच फिरवून सैल केला व तोहि फेसावर अलगद ओतला. आमच्या घरांत तीन पिढ्या मद्याचा थेंब शिरलेला नाहीं! प्राध्यापकाला राग आला म्हणजे तो प्रश्न विचारतो. मींहि विचारला, "ही काय वस्तु आहे?"

"वाइत्सेनबॉक, बाबा. गव्हाची कडक बिअर," तो खालच्या आवाजांत म्हणाला.

पण एकदां सांगूं लागल्यावर त्याचा संकोच गळाला. मोड आणून वाळवलेल्या धान्यांत निम्मा तरी गहू हवा. 'बॉक' म्हणवून घ्यावयाचें तर आंबण्यापूर्वीं रसांतील विरघळलेला अंश सोळा टक्क्यांच्या वर हवा. म्हणूनच साध्या गव्हाच्या बिअरींत मद्यार्क सुमारें पांच टक्के, तर हिच्यांत साडेसहापासून नवापर्यंत. बॉक म्हणजे जर्मन भाषेंत बोकड. नांव मात्र आइनबेक या गांवाच्या बव्हेरियन उच्चारावरून पडलें. 1516 च्या बव्हेरियन कायद्यानें बिअरला जव, हॉप व पाणी एवढेंच ठेवलें. गव्हाची बिअर पुढें राजघराण्याची मिरास झाली. ती गाळण्याचा हक्क गेओर्ग श्नायडर यानें 1872 सालीं मिळवला, आणि 1907 सालीं त्याच घराण्याच्या माथिल्डे श्नायडर या बाईंनीं ही कडक जात काढली. तिचें नांव 'आव्हेंटिनुस'. आव्हेंटिनुस हा सोळाव्या शतकांतील बव्हेरियाचा इतिहासकार! तीस वर्षें इतिहास शिकवून माझें नांव सरबतालाहि कोणी दिलेलें नाहीं.

"नुसता वास तरी घ्या."

मीं प्याला नाकाशीं नेला. रंग तांबूस तपकिरी, फेस दाट सायीसारखा. आधीं लवंग, मग पिकलें केळें, मागून करपूं घातलेल्या साखरेचा व मनुकांचा वास. यांत लवंग नाहीं, केळें नाहीं. ही सारी यीस्टची करणी, असें तो म्हणाला. माझ्या मनांत मात्र भलतेंच आलें. गहू, केळें, साखर — हा तर सत्यनारायणाच्या शिऱ्याचा वास! तो प्रसाद माझे वडील स्वतः परतीत असत. मला हंसावें कीं रागवावें, कळेना.

मीं प्याला न चाखतां त्याच्याकडे सरकवला. त्यानें तो लगेच उचलला नाहीं.

"आईला सांगणार आहांत?"

मीं भोजनपत्रिका उघडली आणि त्या लांबलचक जर्मन शब्दांतून एखादा बिनमांसाचा पदार्थ शोधूं लागलों.