पोटगीचा हिशेब

बडोद्याला कोर्टाच्या गुजराती कागदांवर ‘भरणपोषण’ असा शब्द असतो. आपण पोटगी म्हणतो, आणि म्हणताना आवाज खाली आणतो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, त्या शहरात आपण पिढ्यानपिढ्या राहतोय, तरी ही कुजबूज गेलेली नाही.

2024 च्या पावसाळ्यात दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या घरची मुलगी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. तिची आई मला म्हणाली, “भावजी, त्याचा एक पैसासुद्धा नको आम्हाला.” मी म्हटलं, “वहिनी, मानी तुम्ही खुशाल राहा, पण फी नातवाची आहे.” मुलगी स्वतः 18,000 कमावते. मुलाचा खर्च लिहून काढला तर शाळा, रिक्षा, दूध, औषधं, कपडे मिळून महिन्याला 14,500 भरला. उरलेल्या साडेतीन हजारांत ती काय करणार?

किती मिळेल, हा पहिला प्रश्न. माझा पुतण्या टेक्सासमध्ये असतो. तिकडे प्रत्येक राज्याचा आपापला नियम. टेक्सासमध्ये कर वगैरे जाऊन उरणाऱ्या मिळकतीच्या 20 टक्के एका मुलासाठी, दोन असतील तर 25. वरची एक मर्यादाही आहे. आपल्याकडे असं कोष्टक नाही. पूर्वी फौजदारी संहितेचं 125 वं कलम होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 144 वं झालं. 1973 च्या मूळ कायद्यात महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती, ती 2001 मध्ये काढली. आता मुलाची गरज, राहणीमान आणि दोघांची ऐपत पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात. दोघांची, हे महत्त्वाचं. 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानुसार मुलांना पोसायची जबाबदारी आईवरही आहे, म्हणून तिचा पगार लपवायचा नाही असं मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं.

जावयाच्या वकिलांनी सांगितलं, हातात फक्त 33,000 येतात. आता 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोन्ही बाजूंना मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. त्याला जोडून पगाराची स्लिप आली आणि ती मुलगी ती घेऊन माझ्याकडे आली. “काका, हे जरा बघा ना.” कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी नोकरी गेली. स्लिप खालून वर वाचायची सवय अजून आहे!

एकूण पगार 74,000. आयकर 2,700, सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी 4,300, व्यवसाय कर 200. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र स्वेच्छेने वाढवलेला निधी 12,000, पतपेढीच्या कर्जाचा हप्ता 15,000, विम्याचा हप्ता 6,800. हे तिन्ही मागच्या पाच महिन्यांतले. स्वतःहून केलेली बचत आणि स्वतः घेतलेलं कर्ज न्यायालयं साधारणपणे वजा धरत नाहीत, नाहीतर कोणीही सगळा पगार निधीत टाकून हात वर करील. म्हणजे खरी मिळकत 66,800. दुप्पट! मी एका फुलस्केपवर दोन रकाने करून दिले, वकीलबाईंनी तेच मांडलं.

मुलासाठी महिना 11,000 चा अंतरिम हुकूम झाला, तोही अर्जाच्या तारखेपासून. मला वाटलं होतं दहाच्या आत गुंडाळतील.

पण हुकूम आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी. दोन महिने रक्कम आलीच नाही आणि आजी पुन्हा म्हणायला लागल्या, “जाऊ दे, कशाला मागे लागायचं?” थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, नाहीतर या कलमाखाली त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. लाजेपायी गप्प बसणाऱ्या घरांत नेमके हेच महिने बुडतात. म्हणून तिला एक वही करून दिली: महिना, देय, जमा, बाकी. दर 10 तारखेला ती पासबुक भरून आणते आणि आम्ही दोघं आकडे ताडून बघतो. मुलगा शेजारी गृहपाठ करत असतो. वहीवर नाव त्याचंच घातलंय.