माहेरचं नाव लावणारी

सरकारी कागदावर ही 'नवीन पनवेल (पश्चिम)'. हे नाव वीजबिलावर असतं, आधार कार्डावर असतं, लग्नपत्रिकेवरही असतं. बोलण्यात मात्र नसतं. पनवेल स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला 'नवीन पनवेल पश्चिम' सांगून बघा. तो क्षणभर तुमच्या बॅगेकडे बघेल आणि विचारील, "म्हणजे खांदा कॉलनी ना?" ही वस्ती शहर वसवणाऱ्या सरकारी सिडकोच्या घरी नांदायला गेली, पण नाव माहेरचंच लावते. तसं कामोठे, कळंबोली, खारघर यांनीही गावांची नावं राखली, पण त्यांना ती सिडकोनेच दिली. हिचा कारभार वेगळा. कागदावर काहीही असो, तोंडी खांदाच, आणि हा हट्ट लोकांनी चालवलेला.

माहेर म्हणजे खांदा गाव. आगरी वस्ती, भोवती भातशेती, शेजारी खांदेश्वराचं देऊळ आणि त्याचं तळं. सासर मोठं आणि हिशेबी. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी ही कल्पना 1965 मध्ये 'मार्ग' नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडको जन्माला आली आणि ठाणे नि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर नव्या शहराची रेघ पडली. या लग्नात नवरीला कोणी विचारलं नव्हतं. मोबदला तुटपुंजा, आणि शेत गेल्यावर करायचं काय, याचं उत्तर कुणाच्याच आराखड्यात नव्हतं. ते उत्तर मागायला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये 16 आणि 17 तारखेला उरण भागातल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं गेली. त्यांच्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आज कॉलनीत नि आसपास 'साडेबारा टक्के' हा शब्द लोक इतक्या सहज वापरतात, जणू तो पेठेचा भाव आहे. भूखंड विकत घेताना, बिल्डरशी बोलताना, भावाभावांच्या वाटणीत. त्यामागे पाच माणसं आहेत हे बोलणाऱ्याच्या ध्यानात असतंच असं नाही.

सिडकोने संसार नीट मांडून दिला, हे कबूल करायला हवं. सेक्टर, रस्ते, शाळेचा प्लॉट, बागेचा प्लॉट, बाजाराचा प्लॉट. पण ही बाई आखून दिलेल्या चौकटीत राहणारी नव्हे. बैठ्या घरांवर मजले चढले, बाल्कन्या आत घेतल्या गेल्या. इमारतींच्या गच्च्यांवर निळे-हिरवे पत्रे आले, कारण कोकणातला पाऊस आणि सपाट स्लॅब यांचं कधी जमत नाही. सेक्टर 11 मध्ये चांगू काना ठाकूर कॉलेज आलं आणि संध्याकाळी रस्त्यावर तरुण पोरांचा राबता वाढला. 1998 मध्ये लोकल पनवेलपर्यंत पोचली, तशी माणसं आली. घाटावरची, तळकोकणातली, खानदेशातली, मुंबईच्या चाळीतून सुटलेली. कुणी उरणच्या बंदरात, कुणी तळोज्याच्या एमआयडीसीत, कुणी रोज दीड तास लोकलमध्ये. एका स्टेशनला इथल्या देवाचं नाव मिळालं, खांदेश्वर. मात्र कॉलनीतून तिथे जायचं तर बहुतेकांना रिक्षा करावी लागते. देव आपला, स्टेशन कामोठ्याच्या सोयीचं, असं जुनी माणसं हसत म्हणतात.

आता गंमत बघा. सिडकोने बागांना जागा सोडली, सभागृहाला सोडली. माणसं जमतात कुठे? तळ्यावर. सकाळी साडेपाचपासून कानटोप्या घातलेले निवृत्त लोक आणि सासूची तक्रार दबक्या आवाजात सांगणाऱ्या मैत्रिणी, सगळे तिथे. महाशिवरात्रीला देवळाबाहेर रांग लागते, तीत गावातली म्हातारी आणि सातव्या मजल्यावरची आयटीतली मुलगी पुढे-मागे उभ्या असतात. गणपतीही जातात ते याच पाण्यात. आराखडा काढणाऱ्यांनी शहर वसवलं हे खरं, पण एकत्र कुठे यायचं हे गावाने आधीच ठरवून ठेवलं होतं आणि आलेल्या लोकांनी ते बिनतक्रार मान्य केलं. माझ्या मते ही कॉलनी वस्ती न राहता गाव झाली ती इथे.

माहेराने हिला खाणंही दिलं. थंडी पडली की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबायचा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवायच्या. झालं की नाही हे घड्याळ बघून कळत नाही. मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवायचे. चर्र होऊन लगेच उडाले की काढायचं. आधी गावातली पोरं हे शेताच्या बांधावर करायची. आता रिकाम्या प्लॉटवर करतात आणि सोसायटीतली सातारकर, जळगावकर मंडळी वर्गणी देऊन हक्काने बसतात. शेंगा मात्र बाहेरून आणाव्या लागतात. भात कापल्यावर जिथे वाल पेरायचे, तिथे आता पार्किंग आहे.

पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. मागच्या खेपेला नव्याने राहायला आलेली एक बाई म्हणाली, "मावशी, दोन जुड्या द्या. ती हिरवी फळं नकोत."

"काकडं नको? मग घसा खाजंल ना गो बाय," म्हणत मावशीने मूठभर काकडं फुकटच पिशवीत टाकली. स्वयंपाकाचं पुस्तक घेऊनही हे शिक्षण मिळालं नसतं.

सगळंच गोड नाही. लग्नसराईत गावातल्या हळदीचा डीजे आणि दहावी-बारावीच्या परीक्षा यांची गाठ दरवर्षी पडते. कॉलनीवाले पोलिसांना फोन लावतात, गावकरी म्हणतात, आम्ही इथे तुमच्या आधीपासून. दोघांचंही खरं आहे. मला वाईट वाटतं ते धवलारणीचं. हळदी-लग्नात धवले गाऊन विधी पुढे नेणारी ही बाई स्पीकरच्या भिंतीपुढे ऐकूच येत नाही, आणि तिच्यासाठी तक्रार करायला कोणी फोन उचलत नाही. कराच्या प्रश्नावर मात्र गाव-कॉलनी असा भेद राहत नाही. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि पुढे मागच्या तारखेपासूनच्या मालमत्ता कराची बिलं दारात आली. तेवढी वर्षं सिडकोला सेवाशुल्क भरणाऱ्या लोकांनी 'एकाच कचऱ्याचे पैसे दोनदा का?' असं विचारलं. प्रश्न चोख होता.

आता जवळच विमानतळ झाला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून 24 जून 2021 रोजी हजारो भूमिपुत्रांनी सिडकोवर मोर्चा नेला होता. घरांचे भाव चढताहेत, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा रंगताहेत. ही बाई पुन्हा एकदा कपडे बदलणार.

त्याआधी जुनं टिपून ठेवायला हवं. अमेरिकेत दीड-दोन हजार वस्तीच्या खेड्यालाही पुष्कळदा स्वतःचं इतिहास मंडळ असतं. जुनी दुकानं, शाळा, शेतं कुणाची, हे ते टिपून ठेवतं. आपल्याकडे खांदा गावात सत्तरी ओलांडलेली माणसं अजून आहेत. कोणत्या सेक्टरच्या जागी कोणाचं शेत होतं, त्या शेताला काय म्हणत, पाणी कुठून वळायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. लिहिलेलं कुठेच नाही. कॉलेज तर कॉलनीतच आहे. एका सुट्टीत पोरांनी वह्या घेऊन गावात जावं, नकाशावर ती नावं भरावीत आणि सोसायट्यांनी छपाईचा खर्च उचलावा. पुनर्विकासाच्या सभेत हा एक विषय घ्यायला काही हरकत नाही.