वाइनमध्ये सोडा? बिनधास्त!

रेड वाइनमध्ये बर्फ टाकायचा नाही. सोडा तर नाहीच नाही. ग्लास दांडीला धरायचा, हलकेच गोल फिरवायचा, आत नाक खुपसायचं आणि ‘हं... ब्लॅकबेरी!’ असं काहीतरी पुटपुटायचं. ऑफिसच्या पार्टीत हे सगळं निभावताना तुम्हाला टेन्शन येत असेल, तर मंडळी, एकदा दक्षिण स्पेनमधल्या कॉर्दोबाला जाऊन या. आणि जायचंच तर भर उन्हाळ्यात जा. सगळे ‘वेडा आहेस का?’ म्हणतील. तरी जा.

उन्हाच्या बाबतीत आंदालुसिया म्हणजे स्पेनचा विदर्भ. कॉर्दोबा प्रांतातल्या ला राम्ब्ला या गावी १४ ऑगस्ट २०२१ रोजी पारा ४७.६ अंशांवर गेला. स्पेनमधला तोवरचा उच्चांक! त्यामुळे दुपारी जेवणानंतर अख्खं शहर शटर ओढून आडवं होतं. पुणेकरांना एकदम घरच्यासारखं वाटेल. अशा वेळी मेस्कितामध्ये शिरावं. ८व्या शतकात मशीद म्हणून उभी राहिलेली आणि १२३६ नंतर चर्च झालेली ही वास्तू. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, खांबांचं जंगल आणि अंधारातला सुखद गारवा. बाहेरच्या गल्ल्यांमधली घरंही उन्हाशी दोन हात करणारीच. पांढऱ्या जाड भिंती, मध्ये उघडा चौक, कुठे विहीर तर कुठे कारंजं, आणि भिंतीभर फुलांच्या कुंड्या. आपल्या जुन्या वाड्यांची आठवण यावी असे. या चौकांचा मे महिन्यातला उत्सव २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला.

खरं शहर जागं होतं रात्री नऊनंतर. टेबलं फुटपाथवर येतात आणि मग नीट बघा. सांग्रियाचा भलामोठा जग, त्यात फळांचे तुकडे, असं ज्या टेबलावर दिसेल तिथे बहुतेक टुरिस्ट. शेजारच्या टेबलावर आजोबा, सून, नातू असा गोतावळा आणि मोठ्यांच्या हातात साधा उंच ग्लास. त्यात बर्फ, लिंबाची चकती आणि लालभडक काहीतरी. हीच ती ‘तिंतो दे वेरानो’. नावाचा अर्थ सरळ: उन्हाळ्याची लाल वाइन. निम्मी वाइन, निम्मा ‘गासेओसा’ म्हणजे किंचित गोड सोडा. बास, संपली रेसिपी!

हिचा जन्मही कॉर्दोबातलाच, असं सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शहराबाहेर फेदेरिको वार्गास नावाच्या गृहस्थाची खानावळ होती. उन्हानं कावलेल्या गिऱ्हाइकांना तो वाइनमध्ये सोडा घालून द्यायचा. लोक मग ‘एक वार्गास द्या’ असंच म्हणू लागले. गंमत म्हणजे या प्रांताची नावाजलेली वाइन लाल नाहीच. ती मोंतिया-मोरिलेसची, पांढऱ्या द्राक्षांची. (उत्तरेकडे बास्क प्रदेशातली पोरं तर रेड वाइनमध्ये चक्क कोला ओततात आणि त्याला ‘कालिमोचो’ म्हणतात. ते नाव १९७२ मध्ये बिल्बाओजवळच्या एका जत्रेत पडलं म्हणे. जाऊ दे, तो वेगळा विषय.)

मुद्दा असा, की ज्या देशात वाइन रोजच्या जेवणाचा भाग आहे, तिथल्या लोकांना तिच्यात सोडा घालताना काही वाटत नाही. सोवळं पाळतो आपण. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हा फंडा युरोपातल्या गार खोल्यांचा, साधारण १६ ते १८ अंशांचा. आपली एप्रिलमधली हॉलची खोली ३४ अंशांवर तापलेली असते. तिथे ती वाइन कोमट काढ्यासारखीच लागणार. तरी आपण मान डोलावून ‘नाइस!’ म्हणतो.

तर घरी करायचं कसं? महागडी, ओकच्या पिंपात मुरवलेली बाटली अजिबात नको. थंड झाल्यावर तिचा तुरटपणा जास्तच जाणवतो आणि पैसेही वाया. नाशिकची साधी, ताजी, फळांच्या चवीची शिराझ किंवा झिनफांडेल झकास. बाटली दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. सोडाही थंडच हवा, नाहीतर बर्फ झटपट वितळतो आणि हातात उरतं गुलाबी पाणी. उंच ग्लास बर्फानं काठोकाठ भरा. कंजूषपणा नको, बर्फ जास्त असला की उलट हळू वितळतो. त्यावर १२० मिली वाइन, मग १२० मिली सोडा. गासेओसाची फिकी गोडी आणायला निम्मा साधा सोडा आणि निम्मं लिमका किंवा स्प्राइट घ्या. नुसतं लिमका घातलं तर सरबत होतं. चाट मसाला, काळं मीठ वगैरे प्रयोग कृपया दुसऱ्या कुठल्यातरी ग्लासात. लिंबाची चकती टाका, चमचा एकदाच फिरवा.

या हिशेबानं एका बाटलीत सहा ग्लास होतात, आणि १३ टक्क्यांची वाइन निम्म्यावर, म्हणजे साधारण बिअरच्या जवळपास येते. म्हणून रात्र लांबली तरी कॉर्दोबाचे आजोबा ताठ बसलेले असतात. अर्थात अर्धं म्हणजे शून्य नव्हे, गाडीची किल्ली खुंटीवरच राहू द्या. शनिवारी उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलीत, तर मंगळवारपर्यंत या कामाला सहज चालते.

सोबत तिकडे ‘सालमोरेखो’ असतं. टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून वाटलेलं दाट, गार सूप, वर उकडलेलं अंडं. मिक्सरमध्ये दहा मिनिटांत होतं. तेवढाही उत्साह नसेल तर खारे शेंगदाणे आहेतच.