कोंबडीच्या पंखाखाली

यरुशलेम नगरीसाठी प्रभू येशूने जो विलाप केला, त्यात त्याने स्वतःला कोंबडीची उपमा दिली. गरुडाची नव्हे की सिंहाची नव्हे. संत मत्तय आणि संत लूक या दोघांनीही ती आपापल्या शुभवर्तमानात जपून ठेवली आहे. या उताऱ्यावरची प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली. माया, ऊब, आसरा हे सारे त्यांत येते. परंतु ज्याने एखाद्या कोंबडीचा पंख खरोखरच उचलून खालची पिसे फुंकून पाहिली असतील, त्याला तिथे आणखीही काही दिसलेले असते. पिसांच्या मुळाशी चिकटलेले लिखांचे पांढुरके पुंजके, आणि उजेड पडताच सैरावैरा धावणारे पिवळट किडे. या कोंबडीच्या उवा. पिल्ले ज्या पंखाखाली निजतात, त्याच पंखाखाली त्या पिल्लांच्या अंगावर चढतात.

आमच्या वसईच्या वाड्यांत पाच-सात गावठी कोंबड्या बाळगणे हा कधी कुणी व्यवसाय मानला नाही. कोंबड्या घरातल्या बाईच्या, अंड्यांचे पैसेही तिचेच, आणि पाहुणा दारात आला की सुरी घेऊन पुढे होणारीही तीच. मानमोडी आली की दोन दिवसांत खुराडे रिकामे होई, गावभर त्याची चर्चा होई. आज त्या रोगावर, म्हणजे राणीखेतवर, लस मिळते. उवा, तांबड्या पिसवा आणि जंत यांची मात्र चर्चा होत नाही. त्यांच्यामुळे कोंबडी एकाएकी मरत नाही. ती केवळ हलकी होत जाते, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारी झाली.’

वास्तविक यांतल्या प्रत्येकाचा मुक्काम वेगळा असतो, आणि तो कुठे आहे हे ओळखले की अर्धा उपचार झाला. उवेचा सारा जन्म कोंबडीच्या अंगावरच जातो. लिखेपासून पूर्ण वाढलेली ऊ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि अंगावेगळी झाली तर ती आठवडाभरही तग धरत नाही. म्हणून उवेचे औषध कोंबडीच्या अंगावर, पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती नीट चोळावे लागते. मात्र लिखा त्याला दाद देत नाहीत. दहा ते चौदा दिवसांनी तेच औषध पुन्हा लावले नाही, तर पहिले लावणे फुकट जाते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्यापूर्वी हे दोन्ही हात उरकून घ्यावेत. एकवीस दिवस ती जागची हलत नाही, आणि उवांना याहून सोयीचा काळ नाही.

तांबड्या पिसवेची तऱ्हा याच्या उलट. ही खरी पिसू नव्हे. आठ पायांची, कोळ्याच्या कुळातली माइट. पुष्कळ घरांत तिला सरसकट पिसवाच म्हणतात. दिवसा कोंबडी कितीही उलथीपालथी करून पाहा, अंगावर काही सापडत नाही. ती लपते बसायच्या दांड्याच्या फटीत, बांबूच्या पेराशी, अंड्यांच्या टोपलीतल्या जुन्या पेंढ्यात. रात्री बाहेर येऊन ती रक्त पिते आणि पहाटेपूर्वी परतते. उपाशी असली की करडी, प्यायलेली असली की तांबडी. रात्री बॅटरी घेऊन जावे आणि पांढरे फडके दांड्याच्या खालच्या अंगाने फिरवावे. त्यावर रक्ताचे ठिपके उमटले तर शंका उरत नाही. आणखी एक खूण आहे. रोज तिन्हीसांजेला मुकाट्याने खुराड्यात शिरणारी कोंबडी अचानक हट्ट धरते आणि आंब्यावर जाऊन बसते. आमच्याकडे अशा कोंबडीला काठीने हाकलत आत कोंडतात. तिचे म्हणणे ऐकून आधी खुराडे तपासणारा माणूस विरळा.

या किड्यासाठी कोंबडीला पावडर लावत बसण्यात अर्थ नाही. औषध खुराड्याला हवे. पेंढा काढून जाळावा, दांडे काढून त्यांवर आणि फटींत उकळते पाणी ओतावे, फटी बुजवाव्यात, चुना द्यावा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत यांची नवी पिढी उभी राहते, तेव्हा हे काम आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करणे भाग आहे. आणि रिकामे खुराडे म्हणजे निर्धोक खुराडे, असेही नाही. रक्ताचा थेंब न मिळताही हा किडा महिनोन्‌महिने जगतो. कुणाचे जुने खुराडे फुकट मिळाले म्हणून उचलून आणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

कोंबडीजवळ तिचा स्वतःचाही एक उपचार आहे. सुकी माती उकरून ती खळगा करते, त्यात लोळते, पिसे फुलवून धूळ थेट कातडीपर्यंत नेते. बारीक धुळीने किड्यांच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो आणि ते सुकून मरतात. चुलीच्या दिवसांत स्वयंपाकघरामागे राखेचा ढीग असे आणि दुपारी कोंबड्या तिथेच लोळत. पुढे गॅस आला, राख संपली. मग अंगणात लाद्या बसल्या, माती संपली. गॅस नको होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धुराने डोळे गमावलेल्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. परंतु लादीवर कोंबडी पाळायची तर तिला छपराखाली एक उथळ पेटी द्यावी, तीत सुकी माती, वाळू आणि चाळलेली थंड राख भरावी. राख भिजू देऊ नये, ओली राख कातडी पोळवते. पायांच्या खवल्यांखाली शिरणाऱ्या, पाय जाड आणि खरबरीत करणाऱ्या माइटला मात्र या धुळीने काही होत नाही. तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन दर दोन-तीन दिवसांनी चोपडावे, खवले ओढून काढू नयेत.

राखेची जागा पावडरीने घेतली, आणि इथेच आम्हांला थांबून बोलावेसे वाटते. एके काळी घरोघरी गॅमेक्सिनचा डबा असे; त्यातल्या बीएचसी या विषावर भारतात 1997 साली बंदी आली. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच तांबड्या किड्यावरच्या फवाऱ्यात फिप्रोनिल मिसळले गेले, ते अंड्यांत उतरले, आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. त्या मोठ्या कारखान्यांची गोष्ट आपल्या अंगणाला लागू नाही असे कुणी समजू नये. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले औषध उरले म्हणून कोंबडीला लावणारी घरे आहेत, आणि त्या थेंबांच्या बाटल्यांत बहुधा हेच फिप्रोनिल असते. अंगणातले अंडे कोण खातो? बाळंतीण, दात येणारे मूल, तापातून उठलेला म्हातारा. गावठी म्हणून, शुद्ध म्हणून, ते मुद्दाम त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असते. आयव्हरमेक्टिनसारखे औषध बलकात कित्येक दिवस टिकते. तेव्हा कोणतेही औषध घेताना पशुवैद्याला पहिला प्रश्न किंमतीचा नव्हे, अंडी किती दिवस खाऊ नयेत याचा विचारावा.

जंतांचेही तसेच. मोठ्या गोल जंतांची अंडी शिटेतून मातीत पडतात आणि दमट सावलीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गाला तयार होतात. पावसाळा त्यांचा हंगाम. चपटे पट्टकृमी मुंग्या, भुंगेरे आणि माश्या यांच्यामार्फत पोटात जातात. पिपराझीन गोल जंतांवर चालते, पट्टकृमींवर नाही. म्हणून अंदाजाने औषध पाजण्याऐवजी ताजी शीट पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तपासून घेणे बरे. लसूण आणि पपईच्या बिया यांवर आमच्या वाड्यांत मोठी श्रद्धा आहे. त्यांनी अपाय होत नाही, पण जंत लागलेल्या कोंबडीला केवळ त्यांवर ठेवू नये. खुराड्याखालची शीट रोज काढावी, ओली जागा सुकवावी.

औषधाच्या दिवसांतली अंडी वाया घालवताना बायकांचा जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. ती शेजारी देऊ नयेत, बाजारात पाठवू नयेत, उकडून पुन्हा कोंबड्यांपुढे टाकू नयेत. केळीच्या बुंध्याशी खोल खड्डा करून पुरावीत, आणि पुन्हा खायला सुरुवात करायची तारीख दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.