रंगीत पिल्ले

आमच्या आनंदनगरात टोपलीवाला आला, की गुलाबी-हिरव्या पिल्लांभोवती मुलांचा गराडा पडतो. तो रंग लव झडेपर्यंतचाच. ही पिल्ले बहुधा अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातीतील नर असतात. यंत्राच्या उबेत २१ दिवसांनी जन्मताच निरुपयोगी ठरतात, म्हणूनच इतकी स्वस्त! पहिल्या आठवड्यात त्यांस सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. आईच्या पंखांऐवजी आम्ही खोक्यावर विजेचा दिवा टांगतो. पिल्लू जगलेच, तर चार-पाच महिन्यांत ते आरवू लागते आणि शेजारी कुरकुरू लागतात. परंतु ज्यास नाव देऊन हाक मारली, त्यास पातेल्यात घालणे आमच्याने होत नाही. बाजाराने टाकलेला जीव मुलांनी घरचा केला. वडीलधाऱ्यांनी तो पुन्हा परका करू नये, असे आम्हांस वाटते.