तिशीच्या उन्हात थंडीची बॅग
(प्रवासाची दैनंदिनी : भाग १, सिंगापूर)

गुरुवार

क्लेमेंटीतल्या फ्लॅटमध्ये सकाळी सकाळीच पलंगावर कपड्यांचा ढीग पडला. पुण्याहून आलेले आई-बाबा, इथे नोकरी करणारी मुलगी आणि जावई अशी चौघं रविवारी रात्री लंडनला निघणार. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस, मुक्काम लंडन, लेक डिस्ट्रिक्ट आणि एडिंबरा. बाहेर पारा तिशी ओलांडतोय आणि घरात चर्चा हातमोज्यांची.

सिंगापुरात गरम कपड्यांचं वैर दमट हवेशी. जावयाचं चामड्याचं जाकीट बाहेर निघालं ते कॉलरच्या शिवणीत हिरवट बुरशी घेऊनच. कपाटात ओल शोषणारा प्लॅस्टिकचा डबा होता, पण त्यातले पांढरे खडे केव्हाच विरघळून तळाशी पाणी साचलं होतं. पुढची सगळी ओल जाकिटाने प्यायली. जाकीट बाद. तसं या बेटावर त्याचं काम तरी काय? इथलं आजवरचं नोंदलेलं नीचांकी तापमान १९ अंश, तेही १९८९च्या फेब्रुवारीत. लंडनमध्ये ऑक्टोबरअखेर दुपारचा पारा सरासरी पंधराच्या आसपास असतो, म्हणजे सिंगापूरच्या सर्वांत थंड पहाटेपेक्षाही खाली.

आईने पुण्याहून आणलेले तीन हातविणीचे स्वेटर मात्र ठणठणीत. त्यांनी अर्धी बॅग भरली, ही वेगळी गोष्ट.

शुक्रवार

दुपारी चारच्या सुमारास आभाळ फुटलं. समोरची इमारत दिसेनाशी झाली, विजा कडाडल्या आणि तासाभरात पुन्हा लख्ख ऊन.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाऊस त्यांना मिलिमीटरमध्येच दिसतो. सिंगापुरात वर्षाला सरासरी २,१०० मिलिमीटरहून जास्त, लंडनमध्ये जेमतेम ६००, पुण्याहूनही कमी. “मग एवढी तयारी कशाला? आपण काय सिंहगडावर छत्र्या नेतो?” त्यांचा सवाल रास्त होता, पण अपुरा. सिंगापूरचा पाऊस तापलेल्या जमिनीवरून वर चढलेल्या वाफेचा: सरळ खाली कोसळतो आणि संपतो. ब्रिटनचा पाऊस अटलांटिकवरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येतो. आधी ढगाळ, कोमट, चिवट भुरभुर. मग वारा फिरतो, जोराची सर येते, आणि आभाळ मोकळं होताच थंडी वाढते. हे सगळं एका दिवसात घडू शकतं. शिवाय पाऊस आडवा. छत्री उलटी होऊन हातात नुसत्या काड्या राहतात.

जावयाने नकाशावर लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट दाखवलं. इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी वस्तीचं गाव, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. बाबा गप्प झाले आणि चार छत्र्यांपैकी तीन बॅगेतून बाहेर आल्या. त्यांच्या जागी डोक्यावर टोपी असलेले, वारा अडवणारे रेनकोट घ्यायचं ठरलं. जीन्सही कमी केल्या: जाड सुती कापड एकदा भिजलं की थंड खोलीत दोन दिवस वाळत नाही.

शनिवार

खरेदी. ऑर्चर्ड रोडवर घाम पुसत लोकरीचे पायमोजे निवडायचे, हा सिंगापूरचाच विनोद. इथले लोक सुट्टीत जपान-कोरियाला जातात, म्हणून थंडीचे कपडे मिळतात ठीक. युनिक्लोने टोरे कंपनीबरोबर २००३ साली आणलेलं हीटटेक चौघांनी घेतलं. अंगातून सुटणारा ओलावा त्याचे तंतू शोषतात आणि त्यातून थोडी ऊब मिळते; जाडी बनियनएवढीच. आईला पटेना. “एवढंसं काय ऊब देणार? स्वेटर तो स्वेटर.”

पटलं ते मॉलमध्येच. बाहेर बत्तीस अंश, आत एसीचा कडाका. तासाभरात आईने पर्समधली शाल काढली, बाहेर पडताना पुन्हा घडी घातली. ली क्वान यू यांनी सिंगापूरच्या प्रगतीचं मोठं श्रेय एसीला दिलं होतं. पंतप्रधान झाल्यावर सरकारी कचेऱ्यांत त्यांनी आधी तोच बसवला. इथली नोकरदार माणसं म्हणूनच खुर्चीच्या पाठीला एक जाकीट कायम लटकावून ठेवतात. ब्रिटनमध्ये फक्त आत-बाहेर उलटं: रस्त्यावर गारठा, संग्रहालयात आणि गाडीत हीटर. एकच जाड स्वेटर घातला तर आत उकडतं आणि काढला तर खाली काही नसतं. पातळ थर, वर वारा अडवणारं एक कवच, हाच हिशेब बरा. आईने साडीखाली हीटटेकची लेगिंग आणि वर लांब बाह्यांचा लोकरी ब्लाउज असा तोडगा काढला. तीनातला एक स्वेटर तरीही बॅगेत गेलाच. त्यावर कोणी वाद घातला नाही.

रविवार

वजनकाट्यावर बॅगा बसल्या. वाद उरला तो रेनकोट कुठे ठेवायचे याचा. मुलगी म्हणाली, “बाबा, ते वरच्या बॅगेत. खालच्या सामानात नाही.”

यावर बाबांनी गांधीजींचा दाखला काढला. १८८८च्या सप्टेंबरअखेर बॅरिस्टर होण्यासाठी ते इंग्लंडमध्ये उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या सुटात. बंदरावर तसे कपडे घातलेले ते एकटेच. बाकीचं सामान एजंटाच्या ताब्यात आणि दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणजे कपडे बदलायची सोय नाही. आत्मकथेत त्यांनी ही शरम मोकळेपणी लिहिली आहे. रेनकोट, पायमोजे आणि एकेक हीटटेक निमूटपणे वरच्या बॅगेत गेलं.

चांगी विमानतळावर चेक-इनच्या रांगेत बाबांनी फोनवर लंडनचं हवामान पाहिलं: सोमवारी सकाळी नऊ अंश, ऊन. सुरक्षा तपासणी उरकून गेटवर बसल्यावर पुन्हा पाहिलं तर ऊन गेलं होतं आणि दुपारी वाऱ्यासह सरी आल्या होत्या. “खात्यात असा अंदाज दिला असता तर बदली झाली असती,” ते म्हणाले, आणि चप्पल काढून लोकरीचे पायमोजे विमानात चढायच्या आधीच चढवून मोकळे झाले.

(क्रमशः)