चक्राचा दाखला

विमानप्रवास ही आतां आपल्या घरांतून नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. लेकीसुना परदेशीं नांदतात, नातवंडांच्या बारशास समुद्र ओलांडून जावें लागतें. निघतांना देवापुढें सुपारी ठेवण्याची चाल मात्र जशीच्या तशी आहे. खिडकीशीं बसलेला उतारू पंखाखालीं टांगलेलें तें मोठें नळकांडें पाहतो, त्याची घरघर ऐकतो आणि डोळे मिटून घेतो. त्या नळकांड्याच्या पोटांत फिरणाऱ्या चक्रांविषयीं तो कांहीं विचारीत नाहीं, आणि त्याला कोणी सांगतही नाहीं. त्या चक्रांस आयुर्मर्यादा असते. ती अगोदर अंकांत लिहून ठेवलेली असते. आणि तो अंक पुरा भरला कीं चक्र कितीही धडधाकट दिसो, तें काढून मोडींत घालावें लागतें. ही गोष्ट आम्हांस मोठी मननीय वाटली, म्हणून तिच्याविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. आम्ही पडलों मॅट्रिक, जन्म गेला शब्दरूपें पाठ करून घेण्यांत. तेव्हां यंत्रविद्येंतील जाणत्या वाचकांनीं आमच्या भाषेस न हंसतां विषयाकडे पाहावें, एवढी विनंती आहे.

प्रथम चक्र म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या मध्यभागीं आंस असतो, आंसावर एकामागें एक चक्रें बसविलेलीं असतात, आणि प्रत्येक चक्राच्या कडेला खांचांमध्यें पातीं अडकविलेलीं असतात. बाहेरून दिसतात तीं पातीं. त्यांना धरून ठेवणारें चक्र दिसत नाहीं. बोइंग ७३७ जातीच्या पुष्कळशा विमानांवर सीएफएम५६-७बी नांवाचें इंजिन असतें. त्याचा पुढचा पंखा पूर्ण प्रमाणावर मिनिटास ५,१७५ फेरे घेतो आणि आंतला गाभा १४,४६०. गति दुप्पट झाली कीं बाहेर फेंकणारी ओढ चौपट होते, एवढें आम्हींही शाळेंत ऐकलें होतें. एखादें पातें तुटलें तर इंजिनाच्या कवचानें तें आंतल्या आंत धरून ठेवावें असा नियम आहे, आणि हें सिद्ध करून दाखविल्यावांचून इंजिनास मान्यता मिळत नाहीं. पण चक्रच फुटलें तर त्याचे तुकडे अडवील एवढें जाड कवच घेऊन विमान उडूं शकणार नाहीं. म्हणून चक्राच्या बाबतींत एकच उपाय उरतो. तें फुटण्यापूर्वीं काढावयाचें.

आतां त्याचें आयुष्य मोजावयाचें कशानें? मुख्यतः तासांनीं तें मोजीत नाहींत. कुंपणाची तार एकदां वांकवून ठेवली तर ती वर्षानुवर्षें तशीच राहील. तीच पुढेंमागें वांकवीत गेलें तर दहावीस वेळांत तुटेल. धातु थकतो तो ताण पडण्यानें आणि सुटण्यानें. ही ओळख मनुष्यास आगगाडीनें करून दिली. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस मोडून मोठा अनर्थ झाला, आणि पुढें आउगुस्ट वोलर नांवाच्या जर्मन गृहस्थानें आंसावर वारंवार भार घालून तो किती वेळांनीं मोडतो याची चिकाटीनें मोजदाद केली. विमानाच्या चक्रास प्रत्येक उड्डाणांत एकदां पूर्ण ताण बसतो आणि इंजिन थांबलें कीं तो सुटतो. या एका फेऱ्यास इंजिनवाले सायकल म्हणतात. आमच्या घरीं अथर्वशीर्षाचीं आवर्तनें मोजण्याची संवय असल्यामुळें आम्हीं त्यास आवर्तन हाच शब्द घेतला आहे. मुंबईहून नागपुरास दीड तासांत पोहोंचलें तरी एक आवर्तन, आणि मुंबईहून लंडनला नऊदहा तास गेले तरी एकच. वर सांगितलेल्या इंजिनांत गाभ्याच्या चक्रांस सामान्यतः २०,००० आवर्तनें, मागच्या टर्बाइनच्या चक्रांस २५,००० आणि पुढच्या पंख्याच्या चक्रास ३०,००० अशी मर्यादा धरितात. इंजिन अधिक जोरानें चालवावयाचें असेल तर ती खालीं येते.

हे अंक ठरतात गणितानें आणि नमुन्याचीं चक्रें बंदिस्त जागेंत फिरवून घेतलेल्या परीक्षेनें. फार दिवस चालत आलेला एक दंडक असा आहे कीं, मर्यादा भरतेवेळीं हजार चक्रांत फार तर एकास पाऊण मिलिमीटरच्या आसपास चीर पडलेली असावी. म्हणजे उरलेलीं नऊशें नव्याण्णव चक्रें निर्दोष असतांही मोडींत जातात. हें ऐकून आमचे धाकटे बंधु चिडले. त्यांची नोकरी बँकेंत झाली. लाखांचा माल शाबूत असतां फेंकून द्यावयाचा, हें त्यांच्या हिशेबांत बसेना. ते म्हणाले, "दादा, तुम्हांलाही अठ्ठावन्न भरतांच असेंच काढलें कीं नाहीं? दुसऱ्या दिवशीं तुम्हीं शिकवणी घेतलीच ना!" उपमा चांगली होती, पण ती लंगडी आहे असें आमचें मत आहे. आम्हीं एखादा समास चुकीचा सोडविला तर कोणी आकाशांतून पडत नाहीं. शिवाय मास्तर थकला कीं मुलें आधीं ओळखतात. चक्र कोणास सांगत नाहीं.

दोनचार शितें दाबून हंडीभर भात शिजला कीं नाहीं हें ठरवितात, त्यास शास्त्रांत स्थालीपुलाकन्याय म्हणतात. चक्रांची मर्यादा ह्याच न्यायानें ठरते. थोडीं तपासावयाचीं आणि सर्वांविषयीं बोलावयाचें. पण शीत दाबल्यानें भात शिजल्याचें कळतें, भातांतला खडा कळत नाहीं.

असा खडा १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत लागला. युनायटेड एअरलाइन्सचें २३२ क्रमांकाचें उड्डाण डेन्व्हरहून शिकागोस चाललें होतें. विमान डीसी-१० जातीचें, तीन इंजिनांचें; आंत २९६ माणसें. शेंपटांतल्या इंजिनाच्या पंख्याचें चक्र वाटेंत फुटलें, आणि त्या फुटण्यांत विमानाचीं सुकाणूं हलविणाऱ्या तेलाच्या तिन्ही व्यवस्था एकदम निकामी झाल्या. एक गेली तर दुसरी आणि दुसरी गेली तर तिसरी असावी म्हणून त्या तीन केलेल्या होत्या. कप्तान अल हेन्स आणि त्यांचे सोबती यांनीं, व उतारू म्हणून बसलेल्या डेनिस फिच नांवाच्या शिक्षक-वैमानिकानें, उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून तेवढ्यावर तें विमान आयोवा राज्यांतील सू सिटीच्या विमानतळापर्यंत आणलें. उतरतांना तें मोडलें आणि पेटलें. ११२ माणसें गेलीं, १८४ वांचलीं. एवढीं वांचलीं कशीं, याचेंच जाणत्यांस आजवर आश्चर्य वाटतें.

चक्राचे मोठे तुकडे शेतांत पडले होते. सुमारें तीन महिन्यांनीं मक्याची कापणी सुरू झाली तेव्हां ते मिळाले. चक्र टायटॅनियमच्या मिश्र धातूचें, सुमारें ३२ इंच व्यासाचें. त्याची मर्यादा १८,००० आवर्तनांची होती, आणि तें फुटलें तेव्हां १५,५०३ झालीं होतीं. १९७१ सालीं धातु तयार होत असतां नायट्रोजनानें कडक झालेला एक बारीक अंश त्यांत राहून गेला होता, आणि चीर तेथून निघाली होती. मर्यादेचा अंक धातु निर्दोष आहे असें धरून काढलेला. ह्या चक्रास तो मुळीं लागूच नव्हता.

याहून मनास चटका लावणारी गोष्ट पुढें आहे. फुटण्यापूर्वीं ७६० आवर्तनें असतां त्या चक्राची शेवटची तपासणी झाली होती. त्या वेळीं चीर अर्ध्या इंचाच्या आसपास होती, असा तज्ज्ञांनीं मागाहून अंदाज काढला. चीर शोधण्यासाठीं चक्रास एक चमकणारा द्रव लावतात, तो पुसून घेतात आणि अंधारांत जांभळ्या प्रकाशाखालीं पाहतात. चिरेंत मुरलेला द्रव तेथें रेघेसारखा उजळतो. त्या द्रवाचे अंश फुटलेल्या चिरेच्या आंत सांपडले. द्रव आंत शिरला होता. तपासणाऱ्याच्या नजरेस रेघ पडली नाहीं. आम्हीं हें घरांत वाचून दाखविलें तेव्हां सौ. तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "तीनदां निवडला तरी एखादा पानांत येतोच, आणि तो नेमका पाहुण्याच्या पानांत." आणखी एक गोष्ट चौकशींत निघाली. कारखान्याच्या दप्तरांत एकाच अनुक्रमांकाच्या दोन चक्रांची नोंद आढळली, आणि त्यांतील एक ध्वनिलहरींच्या परीक्षेंत नापास झालेलें होतें.

त्यानंतर धातूच्या शुद्धतेवर आणि तपासणीवर पुष्कळ श्रम झाले आहेत, तरी धातूचा स्वभाव पुरता कळला असें म्हणवत नाहीं. ३० सप्टेंबर २०१७ रोजीं एअर फ्रान्सच्या ए३८० विमानाच्या एका इंजिनाचा पंखा ग्रीनलंडवरून जात असतां चक्रासह तुटून पडला. विमान कॅनडांत गूज बे येथें सुखरूप उतरलें. चक्राचा तुकडा पावणेदोन वर्षांनीं बर्फाखालून काढला. त्यांत परका कण नव्हता. टायटॅनियमचे स्वतःचेच कण एके ठिकाणीं एकाच दिशेस झुकून दाटले होते, आणि ताण नुसता धरून ठेवल्यानेंही तेथें चीर वाढली होती. आवर्तनें अवघीं साडेतीन हजारांच्या आसपास. कुंपणाच्या तारेनें एवढें सर्व समजावितां येत नाहीं.

वर दप्तराचा उल्लेख आला, त्याचा आमच्या घराशीं संबंध आहे. बंधूंचे चिरंजीव एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. शिकले यंत्रविद्या, पण काम मिळालें तें चक्रांचीं कागदपत्रें तपासण्याचें. प्रत्येक चक्रावर अनुक्रमांक असतो, आणि तें नवें असल्या दिवसापासून कोणत्या इंजिनांत, कोणत्या विमानावर, कोणत्या मालकाकडे किती आवर्तनें झालीं याची अखंड नोंद असावी लागते. मधला एक दुवा तुटला तरी चक्र कितीही चकाकत असो, तें बसवितां येत नाहीं. बंधूंस मुलाचें हें काम कारकुनी वाटतें आणि ते तसें बोलूनही दाखवितात. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. आम्हीं शाळेचें जनरल रजिस्टर सांभाळलें आहे. दाखल्यावांचून एखादें मूल दारीं आलें तर पालकांचें प्रतिज्ञापत्र घेऊन आम्ही त्यास वर्गांत बसवीत असूं, कारण तें पांचवींतलें कीं सातवींतलें हें दोन महिन्यांत कळेच. चक्राविषयीं तसें कळण्याचा मार्ग नाहीं. त्याचें वय कागदाशिवाय कोठेंच लिहिलेलें नसतें. आणि कागद खोटेही होतात. २०२३ सालीं लंडनच्या एओजी टेक्निक्स नांवाच्या पेढीनें विकलेल्या इंजिनाच्या भागांचे दाखले बनावट असल्याचें उघड झालें, आणि कित्येक विमानकंपन्यांस आपलीं इंजिनें तपासून ते भाग काढून टाकावे लागले.

गेल्या पावसाळ्यांत पुतण्यापुढें एक चक्र आलें. तीन मालक पालटलेलें. दुसऱ्या व तिसऱ्या मालकाच्या मधल्या सात महिन्यांची नोंद नाहीं. वरिष्ठांचें म्हणणें असें पडलें कीं, अंदाजानें हजार आवर्तनें अधिक धरावीं आणि सही करावी. हजार म्हणजे भरपूरच झालीं, मर्यादेस अजून पुष्कळ अवकाश होता. ह्यानें सही केली नाहीं. बंधु आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, तो तुमचें ऐकतो. तुम्हीं त्याला दोन शब्द सांगा." आम्हीं पुतण्यास बोलावून विचारलें. तो म्हणाला, "काका, हजार झालीं असतील, तीनशेंही झालीं असतील. पण त्या सात महिन्यांत तें होतें कोणत्या इंजिनांत, हें एवढें कोणी मला सांगा. मी आजच सही करतों." आम्हीं त्यास कांहीं सांगितलें नाहीं, आणि बंधूंसही तसें कळविलें.

तें चक्र तांबडी चिठ्ठी बांधून कुलपाच्या खोलींत ठेवलेलें आहे. जुन्या मालकाकडे दोन पत्रें गेलीं. उत्तर आलेलें नाहीं. दिवाळीपूर्वीं कारखान्याची बढतीची यादी लागली, तींत पुतण्याचें नांव नव्हतें.